श्वास आणि मनावरचा ताण



काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मार्चअखेरीचे दिवस होते आणि टेबलावर फायलींचा ढीग साचला होता. एका संध्याकाळी एकाएकी माझी छाती आवळून आली, बोटांना मुंग्या आल्या, डोके हलके झाले. कितीही श्वास घेतला तरी तो पुरेना. हृदयाचा आलेख काढला, रक्त तपासले. सारे निर्दोष निघाले. "तुम्हांला काहीही झालेले नाही," असे डॉक्टरांनी सांगितले. खरे तर मला आनंद व्हायला हवा होता. पण झाला तो संकोच. काही झालेच नव्हते, तर मला दरदरून घाम फुटला तो कशाने?

हा प्रश्न जुना आहे. अमेरिकेतील यादवी युद्धात सैनिकांवर उपचार करणाऱ्या डॉक्टर जेकब डा कोस्टा यांनी १८७१ मध्ये सुमारे ३०० सैनिकांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांना धडधड, धाप व छातीतील वेदना जाणवत असे. पण बहुतेकांच्या हृदयात दोष सापडत नसे.

संकट दिसताच शरीर झुंजायला किंवा पळायला सज्ज होते, हे वॉल्टर कॅनन या शरीरशास्त्रज्ञांनी १९१५ च्या सुमारास मांडले. अशा वेळी हृदयाची गती वाढते आणि श्वास जलद होतो. वाघापुढून पळणाऱ्याला हा वाढीव श्वास उपयोगी पडतो. खुर्चीतला मनुष्य मात्र पळत नाही. नुसता श्वास तेवढा पळत राहतो. परिणामी कार्बन डायऑक्साइड जरुरीपेक्षा अधिक बाहेर पडतो. त्याची पातळी घटली की मेंदूकडील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि डोके हलके होते. रक्तातील मुक्त कॅल्शियम कमी होऊन बोटांना मुंग्या येतात. म्हणजे हवा अपुरी नसते. श्वासच गरजेपेक्षा जास्त होत असतो! या लक्षणांनी भीती वाढते, भीतीने श्वास वाढतो, आणि हे रहाटगाडगे फिरत राहते. काहींच्या बाबतीत ते महिनोन्‌महिने थांबत नाही.

ते थांबवण्याची सोयही श्वासातच आहे. हृदयाचे ठोके आपल्या आज्ञेत नाहीत; श्वास मात्र आपोआप चालतो आणि आपले ऐकतोही. उच्छ्वास सावकाश केला की व्हेगस नावाच्या मज्जातंतूद्वारे हृदयाची गती मंदावते. आपल्याकडे प्राणायामाची परंपरा प्राचीन आहेच. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगक्रियांची प्रयोगशाळेत परीक्षा आरंभिली.

तथापि सारे काही मनावर ढकलणे धोक्याचे आहे. जठरातील व्रण चिंतेमुळे होतात, अशी समजूत दीर्घकाळ होती. मार्शल व वॉरेन यांनी १९८० नंतरच्या दशकात त्यांचा संबंध एका जिवाणूशी जोडून दाखविला. त्यांना २००५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणून छातीत दुखू लागले तर प्रथम डॉक्टरांकडेच जावे.

पण तपासणी निर्दोष ठरल्यावर रुग्णाला नुसते "काही नाही" म्हणू नये. त्याचा त्रास खरा असतो. "हृदय ठीक आहे, श्वासाची लय बिघडली आहे," एवढे मला त्या संध्याकाळी कोणी सांगितले असते, तर पुढचे कित्येक महिने मी दर रात्री नाडी मोजत बसलो नसतो.