न दाबता कळणारी काच

कीपॅडच्या फोनवरून स्मार्टफोनवर आलेला माणूस पहिले काही दिवस स्क्रीनशी अक्षरशः कुस्ती खेळतो. आयकॉन अंगठ्याने दाबतो, दाबूनच धरतो, आणि ॲप उघडायच्या ऐवजी भलतीच यादी समोर येते. “बाबा, दाबू नका हो, नुसतं टेकवा!” असं मुलगी सांगते. बाबा आणखी जोर लावतात.

त्यांचंही बरोबरच आहे. 2003 साली आलेला नोकिया 1100 जगभरात सुमारे 25 कोटी खपला. तसल्या फोनांनी बोटांना शिकवलं ते दाबायलाच. बटण खाली गेलं की आतली दोन टोकं जुळायची, सर्किट पूर्ण व्हायचं. पाचाच्या बटणावर बारीक उंचवटा असायचा, त्यामुळे न बघताही नंबर लावता यायचा.

नव्या काचेला मात्र जोराशी काही देणंघेणं नाही. तिच्याखाली डोळ्यांना न दिसणाऱ्या आडव्या-उभ्या तारांची जाळी असते, बहुधा इंडियम टिन ऑक्साइडची. हा पदार्थ पारदर्शकही असतो आणि वीजही वाहून नेतो. आपलं शरीर म्हणजे खारट पाणी, तेही वीजवाहक. बोट टेकलं की त्या जागचं विद्युतक्षेत्र किंचित बदलतं. फोनमधली चिप ही जाळी सेकंदाला निदान साठेक वेळा तपासत असते. बोटाखाली जाळीचे अनेक छेदबिंदू येतात. कुठे किती बदल झाला यावरून ती बोटाचा मध्य काढते, अगदी दोन तारांच्या मधल्या जागेतलासुद्धा!

करून बघा. नुसतं नख टेकवलं तर स्क्रीन ढिम्म. काकडीची फोड हातात धरून टेकवा, स्क्रीन हलेल. पाण्याचा थेंब पडला की तोही बोटाची बतावणी करतो. उलट कोरडी, राठ बोटं काचेला नीट जाणवत नाहीत, म्हणून “माझं बोट लागतच नाही” ही आजीची तक्रार खरी असू शकते.

ही कल्पना आयफोनच्या कितीतरी आधीची. 1965 साली इंग्लंडमधल्या मालव्हर्नच्या रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंटमध्ये ई. ए. जॉन्सन यांनी ती मांडली, आणि तीही हवाई वाहतूक नियंत्रणासाठी.

त्याहून गमतीचा मला वाटतो तो कीबोर्ड. इंग्रजीत ‘क्यू’ टाइप केलं की पुढे ‘यू’ येण्याची शक्यता जास्त, म्हणून अनेक कीबोर्ड ‘यू’ची जागा गुपचूप मोठी धरतात. चित्रातला चौकोन तेवढाच राहतो. बोट जरा चुकलं तरी अक्षर बरोबर उमटतं आणि आपण स्वतःवर खूश! बोटाखाली जाणवणारी ती ‘टिक्’ तर निव्वळ छोट्या मोटरची थरथर. काच तसूभरही खाली गेलेली नसते.

दाबून धरायची सवय सुटत नसेल, तर अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटीत ‘टच अँड होल्ड डिले’ शोधा आणि तो ‘लाँग’ करून टाका. बाबांच्या अंगठ्याला तेवढीच सवलत.