सहा मेगाहर्ट्झचे राजकारण

टीव्हीचे डिजिटल प्रक्षेपण कोणत्या पद्धतीने करायचे, हा प्रश्न कानावर पडताच आपण तो अभियंत्यांवर सोपवून मोकळे होतो. ब्राझीलने या प्रश्नावर अनेक वर्षे खल केला आणि 29 जून 2006 रोजी राष्ट्राध्यक्ष लुला दा सिल्व्हा यांनी आदेशावर सही करून जपानी पद्धत स्वीकारली. त्या निर्णयाचा इतिहास पाहिला की एक गोष्ट स्पष्ट होते. प्रक्षेपणाची पद्धत ठरते तेव्हा पुढची पंधरा-वीस वर्षे हवेतून कोण बोलणार, कोणाच्या हातात पोहोचणार आणि त्यातून कमाई कोणाची होणार, हेही ठरत असते. म्हणूनच हा निर्णय तज्ज्ञांच्या सल्ल्याने, पण लोकांसमोर व्हायला हवा.

ब्राझीलपुढे तीन पर्याय होते: अमेरिकेची एटीएससी, युरोपची डीव्हीबी-टी आणि जपानची आयएसडीबी-टी. साओ पावलोत प्रक्षेपकांच्या संघटनांनी मॅकेंझी विद्यापीठाच्या मदतीने 2000 सालाच्या सुमारास या तिन्हींच्या चाचण्या घेतल्या. उंच इमारतींच्या शहरात एकच लहर भिंतींवर आपटून पुन्हापुन्हा अँटेनापर्यंत येते. जुन्या टीव्हीवर चित्राशेजारी पुसट सावली दिसायची ती यामुळेच. अमेरिकी पद्धतीत सगळी माहिती एकाच वाहक लहरीवर लादलेली असल्याने या प्रतिध्वनींपुढे ती घरातल्या छोट्या अँटेनावर कमी पडली. युरोपी आणि जपानी पद्धती माहिती हजारो संथ लहरींवर वाटून देतात, त्यामुळे त्या तग धरतात. जपानी पद्धत आणखी एक पाऊल पुढे जाते. सहा मेगाहर्ट्झच्या एका वाहिनीचे ती तेरा भाग करते. बारा भाग घरच्या टीव्हीसाठी आणि एक मोबाइलसाठी वापरता येतो. बसमध्ये बसलेला माणूस फोनची बारीक अँटेना ओढून फुटबॉलचा सामना पाहू शकतो, तोही इंटरनेटचा एक पैसाही खर्च न करता.

नेमक्या या तेराव्या भागात राजकारण दडलेले होते. मोबाइलवर टीव्ही पोहोचवण्याचा युरोपी मार्ग वेगळ्या जाळ्याचा होता आणि त्या जाळ्यातून दूरसंचार कंपन्यांना या धंद्यात शिरकाव मिळण्याची शक्यता होती. जपानी पद्धतीत मोबाइलचा प्रेक्षक थेट टीव्ही वाहिनीच्याच ताब्यात राहत होता. ब्राझीलच्या बड्या खासगी वाहिन्यांनी जपानी पद्धतीचा आग्रह धरला, त्याचे हे एक मोठे कारण. तेव्हाचे दळणवळण मंत्री एलिओ कोस्ता हे ग्लोबो वाहिनीचे माजी पत्रकार होते आणि सार्वत्रिक निवडणूक काही महिन्यांवर आली होती. आदेशाने प्रस्थापित प्रक्षेपकांना संक्रमणकाळासाठी आणखी एकेक सहा मेगाहर्ट्झची वाहिनी दिली. डिजिटल तंत्राने एका वाहिनीच्या जागेत अनेक कार्यक्रम बसतात. त्या मोकळ्या जागेत नवे आवाज यावेत, ही सामाजिक संघटनांची मागणी होती, पण जागा बव्हंशी जुन्यांकडेच राहिली. एका विरोधी पक्षाने आदेशाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले, ते 2010 मध्ये फेटाळले गेले.

यावर कोणी म्हणेल, चाचण्यांत जी पद्धत सरस ठरली तीच निवडली, मग तक्रार कशाची? तक्रार पद्धतीबद्दल नाहीच. जपानी तंत्र खरोखरच चांगले होते. पण चाचणी एवढेच सांगते की चित्र कुठे नीट दिसते. मोकळी झालेली जागा कोणाला द्यायची, याचे उत्तर कोणत्याही प्रयोगशाळेत सापडत नाही. या दोन निर्णयांची एकत्र मोट बांधली की दुसरा पहिल्याच्या आडोशाने निसटतो. दुसरा आक्षेप असा, की चर्चेत वेळ जातो आणि देश मागे पडतो. इथे ब्राझीलचाच पुरावा उलट आहे. 2000 मध्ये घाई केली असती, तर चित्र आकुंचित करण्याचे जुने एमपेग-2 तंत्र गळ्यात पडले असते. 2003 मध्ये एच.264 हे अधिक कार्यक्षम तंत्र प्रमाणित झाले आणि थांबल्यामुळेच ब्राझीलला ते जपानी पद्धतीत बसवता आले. त्याच काळात रिओ आणि पाराइबा इथल्या विद्यापीठांनी टीव्हीवरून प्रेक्षकाला प्रतिसाद देता यावा, यासाठी ‘जिंगा’ हे सॉफ्टवेअर घडवले. कापोएरा या ब्राझिली युद्धनृत्यातल्या मूळ पदन्यासाचे हे नाव. पुढे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानेही त्याची शिफारस केली. पेरू, अर्जेंटिना आणि चिली या देशांनी 2009 मध्ये ही जपानी-ब्राझिली पद्धत स्वीकारली, त्यामुळे वेगळी वाट धरली तर एकटे पडू, ही भीतीही फोल ठरली.

अशी निवड कायमची नसते, हेही ब्राझीलनेच दाखवले. पुढच्या पिढीच्या टीव्हीसाठी 2025 मध्ये त्याच लुलांनी आदेश काढला आणि या वेळी प्रक्षेपणाचा पाया म्हणून एटीएससी 3.0 घेतली. अमेरिकी पद्धतीची ही नवी पिढी आता अनेक लहरींचेच तंत्र वापरते. हीच एटीएससी 3.0 आज भारताच्याही दारात उभी आहे. दूरदर्शनने जमिनीवरील प्रक्षेपणासाठी युरोपी डीव्हीबी-टी2 निवडली होती. आता आयआयटी कानपूर आणि सांख्य लॅब्सच्या पुढाकाराने इंटरनेटशिवाय मोबाइलवर थेट प्रक्षेपणाच्या चाचण्या झाल्या आहेत आणि दूरसंचार व हँडसेट कंपन्यांनी त्यावर आक्षेप घेतले आहेत. पात्रे बदलली, प्रश्न तोच आहे. ज्याला डेटा परवडत नाही अशा माणसाच्या हाती फुकट टीव्ही आणि आपत्तीचा इशारा पोहोचणे ही मोठी गोष्ट आहे. पण त्या लहरींवर कोणाच्या वाहिन्या असतील आणि त्या पकडण्यासाठी फोनमध्ये लागणाऱ्या चिपचा खर्च कोणाच्या माथी पडेल, हे पद्धत ठरण्याआधीच उघडपणे सांगितले गेले पाहिजे. प्रक्षेपण आणि दूरसंचाराच्या प्रश्नांवर ट्राय ही नियामक संस्था सल्लामसलत-पत्रे काढते आणि त्यांवर कोणीही नागरिक लेखी मत पाठवू शकतो. पुढचे पत्र निघेल तेव्हा ते फक्त कंपन्यांनी वाचू नये, आपणही वाचावे आणि आपले म्हणणे कळवावे.