ठाकूरचं दुःख, लोर्काचं दुःख

‘शोले’नं पन्नाशी गाठली, ठाकूर गब्बरला पायाखाली चिरडून मारतो तो मूळ शेवट असलेली प्रत बोलोन्याच्या महोत्सवात दाखवली गेली आणि ‘शोले’ कुठून आला याची उजळणी पुन्हा सुरू झाली. कुरोसावाचा ‘सेव्हन सामुराय’ (१९५४), त्यावरून जॉन स्टर्जेसचा ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ (१९६०) आणि मग आपलं रामगढ. ही वंशावळ रसिकांना तोंडपाठ आहे. तिच्यातून एक नाव मात्र नेहमी गळतं: १९६६चा ‘रिटर्न ऑफ द सेव्हन’, म्हणजे स्टर्जेसच्या सिनेमाचा दुसरा भाग.

पहिला भाग अमेरिकेत बेताचाच चालला, युरोपनं मात्र तो डोक्यावर घेतला. दुसरा स्पेनमध्ये चित्रित झाला. दिग्दर्शक बर्ट केनेडी, लेखक लॅरी कोहेन. गाव वाचवणाऱ्या जुन्या सात बंदूकबाजांपैकी परतला फक्त म्होरक्या ख्रिस झालेला यूल ब्रिनर. स्टीव्ह मॅक्वीन एव्हाना मोठा स्टार झाला होता. त्याची व्हिनची भूमिका रॉबर्ट फुलरकडे गेली. ही उणीव जाणवते. पहिल्या भागात ब्रिनर शेजारी असताना मॅक्वीन काडतुसं कानाशी हलवून बघतो, टोपी चाळवतो आणि सगळ्या नजरा ओढून घेतो. फुलर नेमून दिलेलं काम चोख करतो, एवढंच.

एल्मर बर्नस्टाईनचं संगीत तेच आहे आणि अजूनही अंगावर रोमांच आणतं. १९६०च्या सिनेमाची ध्वनिमुद्रिका त्या वेळी निघालीच नव्हती. ते संगीत अल्बमच्या रूपात बाजारात आलं ते या दुसऱ्या भागाच्या निमित्तानं. दोन्ही वेळा ऑस्करचं नामांकन मिळालं, पुरस्कार एकदाही नाही.

पण या सिनेमाचा खरा ऐवज आहे त्याचा खलनायक. पहिल्या भागातला काल्वेरा धान्य लुटायला येतो. इथला लोर्का माणसंच पळवून नेतो. त्याचे घोडेस्वार गावातल्या सगळ्या पुरुषांना हाकत वाळवंटात नेतात. गावात संसार थाटलेला चिको, सातांपैकीच एक, तोही त्यात सापडतो. त्याची बायको पेत्रा ख्रिसला शोधत निघते. वाळवंटात चाललेलं काम अंगावर येतं: रणरणत्या उन्हात शेतकरी दगड वाहतायत, वर बंदुकांचा पहारा आणि मधे उभं राहतंय एक चर्च. लोर्काची मुलं मेली आहेत. त्यांच्या स्मरणार्थ त्याला देऊळ बांधायचंय, परक्यांच्या घामातून. ही भूमिका केली आहे एमिलिओ फर्नांडेसनं. ‘मारिया कांदेलारिया’सारखा सिनेमा काढून कान महोत्सवात मान मिळवलेला हा मेक्सिकन दिग्दर्शक. त्याच्या चेहऱ्यावर क्रौर्याइतकाच शोक दिसतो. पुढे ‘द वाइल्ड बंच’मधला त्याचा मापाचे गाजला, लोर्का विस्मरणात गेला. मला हा अन्याय वाटतो.

आता ठाकूर आठवा. त्याचीही मुलं मारली गेली आहेत. त्याच्याकडेही पैसा आहे आणि त्या पैशानं तोही बंदुका विकत घेतो. एकानं दुसऱ्यावरून उचललं असा माझा दावा नाही. पण दोन्हीकडे प्रश्न एकच आहे: पोरं गमावलेल्या बापाला किती मोकळीक द्यायची? एका सिनेमात तो बाप नायकांच्या बाजूला आहे, दुसऱ्यात त्यांच्यासमोर. सेन्सॉरनं ठाकूरचा पाय आयत्या वेळी आवरायला लावला, तेव्हा तंटा याच प्रश्नावरून होता. मूळ शेवटात ठाकूर स्वतः सूड पुरा करतो आणि तिथे तो लोर्काच्या फार जवळ जातो.

पुढच्या दोन भागांत ख्रिस झाले जॉर्ज केनेडी (१९६९) आणि ली व्हॅन क्लीफ (१९७२). ते नाही पाहिलेत तरी चालेल. ‘रिटर्न ऑफ द सेव्हन’ मात्र जेमतेम दीड तासाचा आहे. ‘शोले’चा मूळ शेवट पाहायला बसण्याआधी तेवढा वेळ लोर्कासाठी जरूर काढा.