मुष्टियोद्ध्याने कुस्ती शिकावी काय?

कोलकात्याच्या नैर्ऋत्येस, हुगळी नदीच्या काठाने, गार्डन रीच हा जुना भाग पसरलेला आहे. अवधचा पदच्युत नबाब वाजिद अली शाह १८५६ साली येथील मटियाबुर्जात येऊन राहिला आणि १८८७ साली येथेच निवर्तला. पुढे बंगाल-नागपूर रेल्वेने आपले मुख्य कार्यालय नदीकाठच्या याच भागात थाटले. आज ते दक्षिण-पूर्व रेल्वेचे मुख्यालय आहे. परंतु बागांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या भागात आता गोदी, जहाजबांधणीचा कारखाना, शिंप्यांची वस्ती आणि अरुंद गल्ल्या यांचीच दाटी आहे. याला लागून असलेल्या खिदिरपुरात मुष्टियुद्धाची परंपरा जुनी असून गेल्या पंचवीसेक वर्षांत तेथील गरीब मुस्लिम कुटुंबांतील मुलीही हातमोजे चढवू लागल्या आहेत. त्यांच्यावर एक माहितीपटही निघाला.

अशा वस्तीतील एखादी मुलगी मुष्टियुद्ध शिकते, ती केवळ पदकासाठी नव्हे. सायंकाळी घरी परतताना आपल्यावर हात टाकणाऱ्याला आवरता यावे, हाही तिचा हेतू असतो. मग प्रश्न असा की, जिला ठोसा मारता येतो तिला तेवढे पुरेसे आहे काय? की मल्लविद्येचाही काही भाग तिने आत्मसात केला पाहिजे?

मुष्टियुद्धाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. समोरून येणारा प्रहार डोळे न मिटता पाहणे, तो चुकवणे, चुकलाच तर सोसणे आणि तरीही पाय हलते ठेवणे, या गोष्टी रोजच्या सरावाने अंगी बाणतात. ज्याने जन्मात कधी ठोसा खाल्लेला नाही तो पहिल्याच आघाताने गांगरून जातो. मुष्टियोद्धा गांगरत नाही. मात्र ही सारी विद्या अंतरावर उभी आहे. हात पोहोचेल इतके जवळ आणि प्रतिपक्षाला धरता येणार नाही इतके दूर, अशा हातभर पट्ट्यात मुष्टियोद्धा राज्य करतो. दोन माणसांना एकमेकांना अंग चोरून वाट द्यावी लागते अशा गल्लीत हा पट्टा उरत नाही. तेथे हल्लेखोर बहुधा ठोसा मारीतच नाही. तो मनगट, केस, ओढणी किंवा गळपट्टी धरतो.

रिंगणातही प्रतिपक्षी एकमेकांना मिठी मारतात, परंतु तेथे पंच असतो. तो 'सोडा' म्हणतो आणि दोघे विलग होऊन पुन्हा आपापल्या अंतरावर उभे राहतात. मुष्टियोद्धा ज्याला आपले कौशल्य समजतो, त्यातील बराच भाग या पंचाने त्याला वेळोवेळी परत मिळवून दिलेला असतो. गल्लीत पंच नसतो, आणि मिठी सुटत नाही.

ही उणीव मुष्टियुद्धात मुळापासून नव्हती. इंग्लंडमधील १८३८ च्या लंडन प्राइझ रिंग नियमांनुसार उघड्या मुठींनी लढणारे योद्धे एकमेकांना कमरेवरून उचलून आपटीत, आणि जो चांगला पाडी त्याचा वचक असे. १८६७ च्या क्वीन्सबेरी नियमांनी हातमोजे आणले, पण त्याबरोबरच मिठी मारणे व कुस्ती खेळणे निषिद्ध ठरवले. प्राचीन ग्रीकांच्या ऑलिंपिक उत्सवात इ. स. पूर्व ६४८ पासून पँक्रेशन हा खेळ होता. त्यात ठोसे आणि पेच दोहोंना मुभा होती. आपल्याकडील वज्रमुष्टी याच जातीची. शिंगाचे शस्त्र मुठीत धरून मल्ल झुंजत. बडोद्यास खंडेराव गायकवाडांच्या दरबारी अशी झुंज पाहून लुई रूस्ले हा फ्रेंच प्रवासी हादरून गेला होता, आणि म्हैसूरच्या दसऱ्यात तिचा अवशेष अद्याप टिकून आहे. प्रहार आणि पकड यांची फारकत ही एकंदरीत अलीकडची, खेळाच्या सोयीसाठी केलेली व्यवस्था होय.

कोलकात्यात ही फारकत शहराच्या इतिहासातच दिसते. केंब्रिजमध्ये शिकलेल्या परेशलाल रॉय यांनी पहिल्या महायुद्धानंतर येथील भारतीय तरुणांत मुष्टियुद्ध रुजवले. त्याच काळात उत्तर कोलकात्यातील गुहा घराण्याच्या आखाड्यात यतींद्रचरण ऊर्फ गोबर गुहा तयार झाले आणि १९२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे त्यांनी अ‍ॅड सँटेल या नामांकित मल्लाला हरवले. दोन्ही परंपरा थोर होत्या. परंतु एकीच्या शिष्याने दुसरीच्या मातीत उतरावे अशी रीत पडली नाही.

दोहोंची गाठ प्रत्यक्ष पडली तेव्हा काय झाले? डिसेंबर १९६३ मध्ये अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटी येथे जीन लेबेल या जूदोपटूने मायलो सॅव्हेज या व्यावसायिक मुष्टियोद्ध्याला चौथ्या फेरीत गळा आवळून बेशुद्ध केले. २६ जून १९७६ रोजी टोकियोत मुहम्मद अली आणि अंतोनिओ इनोकी यांची पंधरा फेऱ्यांची लढत झाली. इनोकी बहुतेक वेळ पाठीवर पडून अलीच्या पायांवर लाथा हाणीत राहिला, अलीचे मोजकेच ठोसे लागले, आणि सामना बरोबरीत सुटला. प्रेक्षक चिडले. नियमांच्या ओढाताणीमुळे या लढतीतून फारसे काही सिद्ध होत नाही. फक्त एवढे दिसले की जगातील सर्वश्रेष्ठ मुष्टियोद्ध्यालाही जमिनीवर पसरलेल्या माणसाचे काय करावे हे उमगले नाही. नोव्हेंबर १९९३ मध्ये डेन्व्हर येथील स्पर्धेत आर्ट जिमरसन हा मुष्टियोद्धा एकाच हातात मोजा घालून उतरला. सडपातळ रॉइस ग्रेसीने त्याला खाली पाडून त्याच्या छातीवर बैठक मारताच त्याने हार मानली. तोवर अडीच मिनिटेही झाली नव्हती.

येथेच थांबणारे लोक 'तर मग कुस्तीच शिका' असा निष्कर्ष काढतात. पुढची कथा अधिक बोधक आहे. जुलै १९९७ मध्ये मॉरिस स्मिथ या लाथा-ठोशांच्या खेळाडूने मार्क कोलमन या बलाढ्य कुस्तीगिराला गुणांवर हरवले. स्मिथ कुस्तीगीर झाला नव्हता. खाली पडल्यावर स्वतःला वाचवून पुन्हा उठण्यापुरती पकडीची विद्या त्याने शिकून घेतली होती. कोलमन दमला आणि मग उभ्याने स्मिथचेच राज्य होते.

प्रहार करणाऱ्याने घ्यावयाचा अभ्यास असा मर्यादित आहे. पहिली गोष्ट पडणे. जूदोत नवख्याला सर्वप्रथम पडायला शिकवतात: हनुवटी छातीशी, हात जमिनीवर आडवा, डोके उचललेले. फरसबंदीवर डोके आपटणे हा रस्त्यावरील मारामारीतील मोठा धोका आहे. दुसरी गोष्ट पट चुकवणे. एकेरी वा दुहेरी पट काढायला कोणी खाली झेपावला तर कंबर मागे टाकून त्याच्या खांद्यांवर भार द्यावा, हे कोणत्याही तालमीतील पोराला ठाऊक असते, मुष्टियोद्ध्याला नसते. तिसरी गोष्ट मिठीत उभे राहणे: डोक्याने व कोपराने जागा मिळवून पकड मोडणे. आणि चौथी, खालून उठणे. ढाक, कलाजंग, धोबीपछाड हे डाव देखणे खरे, पण ते अंगी मुरायला वर्षे लागतात.

मल्लविद्येच्या काही सवयी तर टाळाव्यात. पाठ जमिनीला लागली की कुस्ती संपली, म्हणून मल्ल चीत होण्यापेक्षा पालथा पडणे पसंत करतो. हल्लेखोरासमोर पालथे पडणे म्हणजे मान आणि मागचे डोके त्याच्या स्वाधीन करणे होय. शिवाय मल्ल उघड्या अंगाने, लंगोटावर लढतो; रस्त्यावर माणूस कपड्यांत असतो. या दृष्टीने अंगरख्यावरून पकडणारा जूदो अधिक उपयोगी. रवींद्रनाथ ठाकुरांनी १९२९ साली शिंझो ताकागाकी या जपानी शिक्षकाला शांतिनिकेतनात बोलावून मुलींनाही जूदो शिकवण्याची सोय केली, त्यामागे दूरदृष्टी होती असेच म्हणावे लागते.

पकड शिकण्याचे आणखी एक कारण कायद्यात आहे. भारतीय न्याय संहितेने, आणि तिच्यापूर्वी दंड संहितेने, खासगी संरक्षणाचा हक्क दिला आहे. तथापि बचावासाठी आवश्यक तेवढीच इजा करण्याची मर्यादा घातली आहे. ठोशाला मोजमाप नसते. लागलेला माणूस कोठे व कसा पडेल हे मारणाऱ्याच्या हाती राहत नाही. मोजा नसला तर मारणाऱ्याच्याही करंगळीमागचे हाड पुष्कळदा मोडते. दारू प्यालेल्या नातलगाला किंवा शेजाऱ्याला आवरताना त्याला धरता येणे, हे त्याला पाडण्यापेक्षा कितीतरी वेळा शहाणपणाचे ठरते.

तरीही पकड म्हणजे कवच नव्हे. एकाला धरून जमिनीवर राहिलेला माणूस दुसऱ्याच्या लाथेला आणि तिसऱ्याच्या सुऱ्याला उघडा असतो. १८ मार्च १९८४ रोजी याच गार्डन रीचमध्ये पोलीस उपायुक्त विनोद मेहता आणि त्यांचा अंगरक्षक यांना जमावाने ठार मारले. अशा प्रसंगी कोणत्याही मुठीचा वा पेचाचा उपयोग नसतो. म्हणूनच खाली पडल्यावर तेथे जिंकण्याचा नव्हे, उठून निघून जाण्याचा सराव हवा.

अडचण राहते ती व्यवहाराची. मुष्टियुद्धाला एक टांगलेली पिशवी आणि थोडी मोकळी जागा पुरते. पडण्या-उठण्याच्या सरावाला माती किंवा गाद्या लागतात, आणि जोडीदार लागतो; तो मुलीसाठी मुलगीच असावी असा घरच्यांचा आग्रह असतो. साक्षी मलिकने २०१६ साली रिओ येथे कुस्तीत कांस्यपदक मिळवल्यानंतर हा आग्रह धरूनही मुलींना आखाड्यात पाठवणारी घरे दिसू लागली आहेत. मात्र ज्या वस्तीत एक खोली सहा जणांना पुरवावी लागते तेथे चार गाद्या अंथरण्याची जागा कोण देणार, याचे उत्तर मुष्टियुद्धाच्या शिक्षकापाशी नसते.