हेतूच्या तीन कसोट्या

‘म्हणून’ हा शब्द आपण दिवसातून कितीतरी वेळा उच्चारतो. पण त्याआधी दिलेले कारण टिकणारे आहे काय, हे तपासण्याचे शास्त्र म्हणजे तर्कशास्त्र. बौद्ध परंपरेत इ. स. पाचव्या-सहाव्या शतकात आचार्य दिङ्नाग यांनी त्याला पक्का पाया दिला. ‘प्रमाणसमुच्चय’ हा त्यांचा प्रमुख ग्रंथ होय. त्यांनी ज्ञानाची दोनच साधने मानली : प्रत्यक्ष आणि अनुमान. ग्रंथवचनाला त्यांनी स्वतंत्र प्रमाण मानले नाही.

विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी आम्ही नेहमीचेच उदाहरण घेतो. ‘डोंगरावर अग्नी आहे, कारण तेथे धूर आहे.’ यात डोंगर हा पक्ष, अग्नी हे साध्य आणि धूर हा हेतू. ‘जेथे धूर तेथे अग्नी’ या अखंड संबंधाला व्याप्ती म्हणतात.

हेतूला तीन कसोट्या आहेत :

१) हेतू पक्षात असला पाहिजे. डोंगरावर धूर नसून धुके असेल तर हेतू असिद्ध ठरतो.

२) साध्य जेथे निश्चित आहे अशा सपक्षात, उदाहरणार्थ पेटलेल्या चुलीपाशी, हेतू आढळला पाहिजे.

३) साध्य जेथे नाही अशा विपक्षात, उदाहरणार्थ तळ्यात, हेतू कधीही आढळता कामा नये.

एक जरी कसोटी चुकली तरी तो हेतू राहत नाही, हेत्वाभास होतो.

आता हीच कसोटी समाजात लावून पाहू. ‘हा मुलगा अस्पृश्य मानलेल्या जातीत जन्मला, म्हणून त्याला उच्च विद्या येणार नाही,’ असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले. येथे जन्म हा हेतू, उच्च विद्या न येणे हे साध्य. मग उच्च विद्या मिळविलेले सर्वजण विपक्ष झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची डी. एस्सी. पदवी मिळविली. म्हणजे हेतू विपक्षात सापडला ! व्याप्ती मोडायला असे एक उदाहरणही पुरे होते. ज्यांना शाळेचे दारच बंद होते, त्यांचे अज्ञान जन्माने नव्हे तर बंदीने आले, हेही यावरून ध्यानात यावे.

मात्र ही कसोटी केवळ विरोधकांसाठी नाही. आपल्या व्यासपीठावरील टाळ्या घेणारे विधानही तिच्यातून गेले पाहिजे. बँकेत धनादेश ओळखीच्या माणसाचा असला तरी आम्ही सही ताडून पाहतो, यात त्याचा अपमान नसतो. विद्यार्थी मित्रांनी प्रत्येक ‘म्हणून’पाशी क्षणभर थांबावे आणि विचारावे : पक्ष कोणता, हेतू कोणता आणि विपक्षात तो सापडतो काय ?