कॉमर्सवाले एमबीएत मागे पडतात का? आधी प्रश्न तपासूया

गेल्या महिन्यात एका मैत्रिणीने सिनॉप्सिस वाचायला पाठवला. ती एम.कॉम. आहे, पीएच.डी.च्या प्रवेशाची तयारी करतेय. विषय : एमबीएमध्ये कॉमर्स पदवीधर आणि इंजिनिअर यांची तुलना. तिच्या धाकट्या भावाला सगळे सांगतात, "बी.कॉम. करून एमबीएला गेलास तर इंजिनिअरांपुढे टिकणार नाहीस." तिला याचं खरं उत्तर हवं होतं.

आराखडा सोपा होता. एका कॉलेजातल्या दोन्ही गटांचे पहिल्या सत्राचे गुण घ्यायचे, सरासरी काढायची, टी-टेस्ट लावायची. झालं!

मी केमिस्ट्रीचा माणूस. पण प्रयोगशाळेत पहिला प्रश्न असतो, नमुना आला कुठून? तोच इथे विचारला : हे विद्यार्थी त्या वर्गात पोहोचले कसे?

आपल्या राज्याच्या एमबीए सीईटीत 200 प्रश्नांचा नेहमीचा साचा असा : तर्क 75, आकृत्यांवरचा तर्क 25, गणित 50, इंग्रजी 50. कॅटमध्येही इंग्रजी, डेटा-तर्क आणि गणित असे तीनच विभाग. अकाउंट्स कुठेच नाही. बी.कॉम.वाला तीन वर्षं जे शिकला, ते दारात मोजलंच जात नाही.

आता समजा, दोन्हीकडच्या 100-100 जणांनी परीक्षा दिली. 10 कॉमर्सवाले आणि 40 इंजिनिअर आत आले. (आकडे फक्त उदाहरणासाठी.) हे 10 जण म्हणजे सरसकट कॉमर्सवाले नव्हेत, ते गणिताच्या चाळणीतून उतरलेले आहेत. वर्गात दोघांची सरासरी सारखी आली, तरी "शाखेने फरक पडत नाही" असं म्हणता येत नाही. फरक चाळणीनेच पुसला असेल.

यालाच निवडीमुळे येणारा पूर्वग्रह म्हणतात. जोसेफ बर्कसन यांनी 1946 मध्ये दाखवलं, की फक्त रुग्णालयातले रुग्ण मोजले तर एकमेकांशी संबंध नसलेले दोन आजारही संबंधित दिसू शकतात. आपला वर्ग म्हणजे तसंच रुग्णालय.

दुसरी अडचण एकूण गुणांची. अकाउंटिंगच्या पेपरात ताळेबंद, जर्नल एंट्री कॉमर्सवाल्याच्या ओळखीच्या. संख्याशास्त्रात, ऑपरेशन्समध्ये इंजिनिअरला सोपं जाऊ शकतं. बेरीज केली की दोन्ही गोष्टी एकमेकींना खाऊन टाकतात. तिसरी अडचण नोकरीच्या अनुभवाची. एका गटात अनुभवी लोक जास्त असतील, तर आपण शाखा मोजतोय की अनुभव?

"म्हणजे विषयच बाद?" मैत्रिणीने वैतागून विचारलं.

अजिबात नाही. विषय चांगला आहे, प्रश्न नेमका करायचा. प्रवेश परीक्षेचे गुण आणि अनुभव विश्लेषणात घ्यायचे. गुण विषयवार बघायचे. एकाच सत्रावर न थांबता चारही सत्रं बघायची, म्हणजे सुरुवातीचा फरक टिकतो की विरतो ते कळेल. आणि निष्कर्षात स्पष्ट लिहायचं, की हे प्रवेश मिळालेल्यांबद्दल आहे, सगळ्या बी.कॉम.वाल्यांबद्दल नाही.

तिने सिनॉप्सिस बदलला. भावाला मात्र एवढंच सांगितलं, "लोक म्हणतात त्याला अजून पुरावा नाही. तू सीईटीचा फॉर्म भर."

तुमच्या सिनॉप्सिसमध्येही दोन गटांची तुलना असेल, तर टी-टेस्टच्या आधी एक ओळ लिहा : माझ्या नमुन्यात कोण आलंच नाही?