सुधारणेचे मोजमाप आणि स्त्रियांची साक्ष

एकोणिसाव्या शतकातील स्त्रीविषयक सुधारणांचा इतिहास बहुधा कायद्यांच्या सनावळीने सांगितला जातो. १८२९ साली सतीबंदी, १८५६ साली विधवाविवाहास मान्यता, १८९१ साली संमतिवयात वाढ, अशी ती चढती श्रेणी होय. त्या काळातील स्त्रियांचे लेखन या श्रेणीच्या पुष्ट्यर्थ जोडलेले परिशिष्ट म्हणून वाचण्याचा प्रघातही पडला आहे. वस्तुतः या लेखनात प्रगतीचा हिशेब निराळ्या रीतीने मांडलेला आढळतो.

प्रथम कायद्याचेच उदाहरण घेऊ. १८५६ च्या कायद्याने हिंदू विधवेचा पुनर्विवाह वैध ठरविला. परंतु त्याच्या दुसऱ्या कलमान्वये पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा मृत पतीच्या मिळकतीवरील हक्क संपुष्टात आला. ज्या जातींत पाट लावण्याची रूढी पूर्वापार होती, त्या जातींतील स्त्रियांना या कायद्याची गरज नव्हती. त्यांनाही हे कलम लागू पडावे काय, हा प्रश्न पुढे न्यायालयांसमोर आला. १८८९ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने रूढीने पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा हक्क जात नाही असे मानले. १८९६ साली मुंबई उच्च न्यायालयाने याच्या उलट निर्णय दिला. एका वर्गातील स्त्रीला जे मिळाले, त्याची किंमत दुसऱ्या वर्गातील स्त्रीला अशी मोजावी लागली.

म्हणूनच साक्ष कोणत्या स्त्रीची, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. १८५५ साली 'ज्ञानोदया'त मुक्ताबाई या मातंग विद्यार्थिनीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध प्रसिद्ध झाला. ती पुण्यात फुले दांपत्याने चालविलेल्या शाळेत शिकत होती. पेशवाईतील छळाच्या तुलनेत इंग्रजी अमलातील स्थिती तिला निश्चितच बरी वाटते. मात्र ती तेथे थांबत नाही. डोक्यावर छप्पर नसताना प्रसूत होणाऱ्या आपल्या स्त्रियांचे हाल ती पुढे ठेवते. राज्य बदलले तरी या बाईला निवारा मिळाला काय, हीच तिच्या लेखी प्रगतीची कसोटी आहे.

ताराबाई शिंदे यांची कसोटी वेगळी आहे. १८८१ साली सुरतेस विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेला बालहत्येच्या आरोपावरून फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती कमी करून काळ्या पाण्याची करण्यात आली. या प्रकरणाच्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर दोषारोप होऊ लागले. त्यांना उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाईंनी १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' हा निबंध पुण्यात प्रसिद्ध केला. स्वतः वेश व आचार बदलणारे पुरुष स्त्रियांना मात्र धर्माची आठवण करून देतात, ही विसंगती त्या उपहासाने उघड करतात. पत्नी वारल्यावर पुरुषानेही मिशा काढून वनवास का पत्करू नये, हा त्यांचा प्रश्न केवळ विनोद नव्हे. नियमाची परीक्षा तो दोघांना सारखा लावूनच करावी, हा त्यामागील सिद्धांत आहे.

या दोन साक्षी परस्परांशी जुळत नाहीत, आणि त्या जुळवून घेण्याची घाई अभ्यासकाने करू नये. मुक्ताबाईला जातीचा जाच प्रथम दिसतो, ताराबाईंना पुरुषाचा. 'स्त्रीचा दृष्टिकोन' असे एकवचन या सामग्रीला पेलत नाही. दोघींत साम्य आहे ते रीतीचे: सुधारणेची घोषणा न मोजता ती प्रत्यक्ष कोणापर्यंत पोचली, हे त्या मोजतात.

साहित्याच्या इतिहासालाही हेच मोजमाप लावले पाहिजे. जोतीराव फुल्यांनी १८८५ साली 'सत्सार'मध्ये ताराबाईंची बाजू घेतली. तरीही हा निबंध पुढे विस्मृतीत गेला आणि १९७५ साली स. गं. मालशे यांनी तो पुन्हा प्रकाशात आणला. ताराबाईंचे दुसरे पुस्तक आढळत नाही. कायद्यांची श्रेणी चढत होती त्याच काळात एक समर्थ लेखणी थांबली, याची नोंद सनावळीत सापडणार नाही. अन्य भारतीय भाषांतही अशी मौने असणार. तौलनिक अभ्यासाने उपलब्ध ग्रंथांबरोबर त्यांचाही शोध घेतला पाहिजे.